वाचकांचे प्रश्न : पवनचक्कीचे पाते, सीएफडी आणि प्रयोगाचा पडताळा

पवनचक्कीच्या पात्याभोवतीचा हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारे (म्हणजे सीएफडी करणारे) वाचक सातत्याने पत्रे पाठवत असतात. त्यातली बहुतेक पत्रे एकाच जागी अडतात : उत्तर तर आले, पण ते प्रयोगाशी जुळते असे कधी म्हणायचे? त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : दोन पात्यांच्या पवनचक्कीचे सिम्युलेशन आम्ही केले. सेकंदाला ७ मीटर वाऱ्याला शाफ्टवरचा टॉर्क प्रयोगातल्या आकड्यापेक्षा फक्त ३ टक्क्यांनी वेगळा आला. पडताळणी झाली असे समजून पुढे जावे का?

उत्तर : नाही, एवढ्यावर थांबू नका. टॉर्क, म्हणजे शाफ्टला फिरवणारा आघूर्ण, ही बेरीज आहे. मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक छेदावरचे स्पर्शी बल (फिरण्याच्या दिशेने लागणारे) त्रिज्येने गुणायचे आणि सगळे एकत्र करायचे. बेरजेत चुका एकमेकींना खातात. मुळाजवळ बल बरेच जास्त आले आणि टोकाकडे थोडेसेच कमी आले, तरी टोकाकडचा हात लांब असल्यामुळे हिशेब बरोबर बसल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडचा प्रवाह चुकलेला असतो.

दुसरे कारण स्पर्शी बलाच्या घडणीतच आहे. तुमचे वर्णन अमेरिकेतल्या एनआरईएल या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या ‘फेज सहा’ रोटरशी जुळते, म्हणून त्याचेच आकडे घेऊ. ८० टक्के त्रिज्येवर, ७ मीटर वाऱ्याला, प्रवाह फिरण्याच्या प्रतलाशी साधारण १० अंशांचा कोन करतो. लिफ्टचा (प्रवाहाला काटकोनात लागणाऱ्या बलाचा) गुणांक ०.८ धरला तर त्यातला पाते पुढे ढकलणारा भाग सुमारे ०.१४ उरतो. त्यातून ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेचा अवरोध) जवळजवळ पूर्णच वजा होतो. ड्रॅगचा गुणांक ०.०१० ऐवजी ०.०१५ आला, तर लिफ्ट अगदी बरोबर असूनही स्पर्शी बल सुमारे पावणेचार टक्क्यांनी घसरते. म्हणजे तुमचा ३ टक्क्यांचा मेळ ड्रॅगमधल्या ५० टक्के चुकीला पोटात घेऊ शकतो.

म्हणून तुलना खालून वर करा. आधी प्रत्येक छेदावरचे दाबाचे वितरण, मग त्या छेदांवरचे अभिलंब आणि स्पर्शी बल, मग पात्याच्या मुळाशी येणारा वाकवणारा आघूर्ण, मग थ्रस्ट (रोटरला वाऱ्याच्या दिशेने ढकलणारे बल) आणि सर्वांत शेवटी टॉर्क. एका वाऱ्यावरही थांबू नका. फेज सहाची मोजणी ५ ते २५ मीटरपर्यंत आहे. त्यातले ७ मीटर सोपे आहे, तिथे प्रवाह बहुतेक ठिकाणी पात्याला चिकटलेला असतो.

मेळ किती फसवा असतो हे २००० साली उघड झाले. एनआरईएलने आपले प्रयोगाचे आकडे झाकून ठेवून जाणकारांकडून आधी भाकिते मागवली. रोटर वाऱ्यासमोर सरळ, स्टॉल (प्रवाह पात्यापासून सुटून लिफ्ट ढासळणे) नाही, म्हणजे सर्वांत सोपी स्थिती. तरी शक्तीची भाकिते मोजलेल्या आकड्याच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरली. स्टॉलमध्ये हीच रेंज ३० ते २७५ टक्के झाली. उत्तर आधीच ठाऊक असताना जुळवलेला मेळ आणि न पाहता आलेला मेळ यांत किती अंतर असते, ते या आकड्यांत दिसते. तुम्हीही एक-दोन वारे बाजूला ठेवा. मेश (हिशेबासाठी पाडलेले खणांचे जाळे), मॉडेल, सेटिंग सगळे पक्के झाल्यावरच त्यांची फाइल उघडा.

प्रश्न : पडताळणीसाठी कोणता प्रयोग निवडावा? आमच्याकडे स्वतःचा विंड टनेल नाही.

उत्तर : तुम्हाला काय सिद्ध करायचे आहे त्यावर ते ठरते. पात्यावरचा दाब आणि स्टॉल तपासायचा असेल तर फेज सहा घ्या. दोन पाती, १०.०५८ मीटर व्यास, मिनिटाला सुमारे ७२ फेरे, मुळाकडचा भाग सोडला तर सगळीकडे एस८०९ हा एकच एअरफॉइल (पात्याच्या छेदाचा आकार). नासाच्या एम्स केंद्रातल्या २४.४ बाय ३६.६ मीटरच्या टनेलमध्ये मोजणी झाली. ३०, ४६.६, ६३.३, ८० आणि ९५ टक्के त्रिज्येवर दाब मोजणाऱ्या छिद्रांच्या पूर्ण रांगा आहेत.

रोटरच्या पुढेमागे वेग कसा बदलतो हे पाहायचे असेल तर युरोपातला मेक्सिको प्रयोग घ्या. ४.५ मीटर व्यासाची तीन पाती, जर्मन-डच टनेल, दाबाबरोबर पीआयव्हीने (हवेतल्या सूक्ष्म कणांच्या छायाचित्रांवरून) मोजलेले वेगही. २००६ च्या पहिल्या मोजणीत पात्यावरचा भार आणि भोवतीचा वेग यांची सांगड नीट बसत नव्हती. २०१४ मध्ये पुन्हा मोजणी झाली, ती वापरा. रोटरमागच्या मंदावलेल्या प्रवाहासाठी, म्हणजे वेकसाठी, नॉर्वेच्या एनटीएनयू विद्यापीठातल्या ०.८९४ मीटर व्यासाच्या छोट्या रोटरची मोजणी चांगली आहे. मात्र तिथे रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले लांबी भागिले श्यानता) लहान असल्याने तिच्यावरून मोठ्या पात्याच्या स्टॉलबद्दल काही ठरवू नका.

एक फरक निवडीआधीच लक्षात घ्या. मेक्सिकोच्या बहुतेक फेऱ्यांत पात्यांवर झिगझॅग पट्टी लावून सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) मुद्दाम टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, केला होता. फेज सहाची पाती स्वच्छ होती. त्यामुळे पूर्ण टर्ब्युलंट गृहीत धरणारे मॉडेल पहिल्याशी चांगले जुळले आणि दुसऱ्याशी कमी, तर दोष मॉडेलचाच असेल असे नाही.

प्रश्न : फेज सहाचे पाते आम्ही कोष्टकावरून बनवले. ७ मीटरला टॉर्क बराच जास्त येतो. मेश दुप्पट बारीक केला, काही फरक पडला नाही. चूक कुठे शोधावी?

उत्तर : मेश बारीक करून उत्तर हलत नसेल तर आधी भूमिती पाहा. या पात्याबाबत बहुतेक वेळा पाणी पिचच्या, म्हणजे पाते आपल्या लांबीभोवती फिरवण्याच्या, कोनात मुरते. कोष्टकातला पीळ ७५ टक्के त्रिज्येवर शून्य धरून दिलेला आहे. टोकाशी तो सुमारे उणे १.८ अंश होतो. पण प्रयोगात नोंदवलेला ३ अंशांचा पिच टोकाचा आहे. कोष्टकाप्रमाणे पाते बनवून ते ३ अंश फिरवले, तर टोक १.२ अंशांवरच राहते. खरे तर ते ४.८ अंश फिरवायला हवे. ही चूक झाली तर संपूर्ण पात्यावर अँगल ऑफ अटॅक (पात्याचा छेद आणि त्यावर येणारी हवा यांतला कोन) १.८ अंशांनी जास्त पडतो. चिकटलेल्या प्रवाहात लिफ्टचा गुणांक अंशामागे सुमारे ०.११ वाढतो, म्हणजे जवळजवळ ०.२ ची वाढ. टॉर्क जास्त येणारच.

तपासायची पद्धत सोपी आहे. तयार झालेल्या पृष्ठभागाचे ७५ टक्के त्रिज्येवर आणि टोकाशी छेद घ्या, पुढची आणि मागची कड जोडणारी रेषा (कॉर्ड) काढा आणि फिरण्याच्या प्रतलाशी तिचा कोन मोजा. ७५ टक्क्यांवर ४.८ आणि टोकाशी ३ अंश आले पाहिजेत. कॅडमध्ये कोणता आकडा टाकला यावर विसंबू नका, तयार पृष्ठभागच मोजा. पिळाची दिशा उलटी पडणे हीही नेहमीची चूक. ती मात्र लगेच कळते, कारण टॉर्क उणे किंवा अगदीच क्षीण येतो.

हे बरोबर निघाले तर हवेची घनता पाहा. सवयीने १.२२५ टाकू नका, त्या फेरीच्या फाइलमधली घनता घ्या. फेऱ्यांचा वेगही तिथूनच घ्या. आणि तुलना कमी वेगाच्या शाफ्टवरच्या टॉर्कशीच करा. जनित्रातून निघालेल्या विजेत गिअरबॉक्स आणि जनित्राची तूट शिरलेली असते.

शेवटी प्रयोगाची मालिका तपासा. काही मालिकांत पात्याच्या पुढच्या कडेतून पाच छिद्रांचे प्रोब बाहेर आलेले होते, कॉर्डच्या ८० टक्के पुढेपर्यंत. ‘एस’ मालिकेत ते काढून जागा बुजवलेल्या होत्या. गुळगुळीत पात्याची तुलना ‘एस’शी करायची.

प्रश्न : पृष्ठभागालगतचा पहिला थर किती जाड ठेवावा आणि थर किती घ्यावेत?

उत्तर : अंदाज हाताने काढता येतो. पुन्हा ८० टक्के त्रिज्या घेऊ. तिथे फिरण्याचा वेग सेकंदाला ३०.३ मीटर, वाऱ्यासकट सापेक्ष वेग सुमारे ३१. कॉर्ड ०.४६ मीटर. हवेची गतिक श्यानता सेकंदाला १.५ गुणिले १० चा उणे पाचवा घात चौरस मीटर. रेनॉल्ड्स अंक साडेनऊ लाखांच्या घरात येतो. सपाट पट्टीच्या सूत्राने घर्षण गुणांक सुमारे ०.००३६, त्यावरून घर्षण वेग सेकंदाला १.३ मीटर. वाय-प्लस (घर्षण वेग आणि श्यानता यांच्या मापाने मोजलेले, एकक नसलेले अंतर) १ साठी पृष्ठभागापासूनचे अंतर ११ मायक्रॉन निघते. पुढच्या कडेजवळ सक्शन (कमी दाबाच्या) बाजूला वेग याहून बराच जास्त असतो, म्हणून पहिला थर १० मायक्रॉन ठेवा.

त्या ठिकाणी सीमास्तराची जाडी साधारण ११ मिलिमीटर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा १.२ पट जाड केला तर १० मायक्रॉनपासून ११ मिलिमीटरपर्यंत पोहोचायला ३० थर लागतात. १२-१५ थर घेऊन पुढे एकदम मोठे खण सुरू केले, तर वाय-प्लसचे चित्र सुंदर दिसते पण सीमास्तराचा वरचा भाग जाडजूड खणांत पसरतो आणि प्रवाह कुठे सुटतो ते बिंदू सरकतात. सिम्युलेशन झाल्यावर वाय-प्लसची सरासरी पाहू नका, पुढच्या कडेजवळची कमाल पाहा.

कॉर्डच्या दिशेने प्रत्येक बाजूला १५० च्या आसपास खण हवेत, पुढच्या आणि मागच्या कडेशी दाट. आणि पाते पात्यासारखेच काढा. जाडी असलेली मागची कड सोयीसाठी धारदार करू नका, धारदार असलेली तोडू नका.

प्रश्न : ग्रिड इंडिपेन्डन्ससाठी (उत्तर मेशवर अवलंबून नाही हे दाखवण्यासाठी) दोन मेश पुरतात का?

उत्तर : तीन घ्या. दोन मेशवरून फरक कळतो, तो कोणत्या गतीने कमी होतो आहे ते कळत नाही. आणि ‘बारीक’ म्हणजे तिन्ही दिशांनी सारख्या प्रमाणात बारीक. फक्त पृष्ठभाग बारीक करून भोवतालचे खण तसेच ठेवले तर पुढचा हिशेब लागू होत नाही.

कल्पित आकड्यांवर एकदा करून पाहू. प्रत्येक दिशेने १.५ पट बारीक करत गेल्यावर खण ४० लाख, १.३५ कोटी, ४.५६ कोटी झाले आणि टॉर्क अनुक्रमे ७६४, ७८२ आणि ७९० न्यूटन-मीटर आला. पहिला फरक १८, दुसरा ८. गुणोत्तर २.२५, म्हणजे १.५ चा वर्ग. तेव्हा प्रत्यक्षातली ऑर्डर (चूक खणाच्या लांबीच्या कितव्या घाताने घटते ती) २, जी दुसऱ्या ऑर्डरच्या पद्धतीकडून अपेक्षितच होती. अनंत बारीक मेशवरचे उत्तर ७९० अधिक ८ भागिले १.२५, म्हणजे ७९६.४ येईल. रोशच्या ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्सप्रमाणे, सुरक्षा गुणक १.२५ धरून, सर्वांत बारीक मेशची अनिश्चितता १ टक्का.

गुणोत्तर १ पेक्षा कमी आले, म्हणजे दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा, तर मेश अजून त्या टप्प्यात पोहोचलेलाच नाही. अशा वेळी हे सूत्र लावून टक्केवारी छापू नये. आणि हा हिशेब एकट्या टॉर्कसाठी करू नका. ३० टक्के त्रिज्येवरच्या स्पर्शी बलासाठीही करा. टॉर्क स्थिरावल्यानंतरही ते बराच वेळ हलत राहते.

प्रश्न : दाब गुणांकाचे आलेख टोकाकडे छान जुळतात, पण मुळाकडे संपूर्ण आलेखच प्रयोगापेक्षा दबलेला दिसतो. एका छेदावर तर आमचा स्टॅग्नेशनचा (हवा जिथे थांबते तिथल्या कमाल दाबाचा) गुणांक ०.९ च येतो. भौतिकशास्त्रच चुकले का?

उत्तर : बहुधा फक्त भाजक वेगळा आहे. तुम्ही दाबाला वाऱ्याच्या आणि फिरण्याच्या वेगावरून काढलेल्या गतिक दाबाने भागले असणार. फेज सहामध्ये मात्र त्या छेदावर मोजलेल्या स्टॅग्नेशन दाबानेच भागलेले आहे. त्यामुळे प्रयोगाचा कमाल गुणांक आपोआप १ येतो.

आकडे पाहा. ३० टक्के त्रिज्येवर फिरण्याचा वेग सेकंदाला ११.४ मीटर. ७ मीटर वारा धरला तर वेगांच्या वर्गांची बेरीज सुमारे १७८. पण रोटरपाशी पोहोचेपर्यंत वारा मंदावतो. तो २० टक्क्यांनी घटला असे धरले तर ५.६ मीटर उरतो आणि बेरीज १६१ होते. १६१ भागिले १७८ म्हणजे ०.९, हा तुमचाच आकडा. ८० टक्के त्रिज्येवर हेच गुणोत्तर ०.९८ येते, म्हणून टोकाकडे काही जाणवले नाही. तुमच्या निकालातूनही त्या छेदावरचा कमाल दाब काढा आणि त्यानेच भागा. त्याहून बरे म्हणजे दोन्हीकडे पास्कलमध्येच तुलना करा, भाजकाचा वादच मिटतो.

दुसरी गोष्ट छिद्रांची. प्रयोगात एका छेदावर २२ छिद्रे होती, तुमच्याकडे त्याच छेदावर शेकडो बिंदू आहेत. सक्शनचे टोक दोन छिद्रांच्या मधे पडले तर प्रयोगाला ते दिसत नाही. त्यामुळे छिद्रांवरून बेरीज करून काढलेले स्पर्शी बल आणि तुमचे पूर्ण बेरजेचे बल यांची तुलना अन्यायाची ठरते. तुमचा दाब छिद्रांच्याच जागी वाचा, त्याच २२ बिंदूंना सरळ रेषांनी जोडा आणि तसेच क्षेत्रफळ काढा. घर्षणाचा भागही वगळा, कारण छिद्राला फक्त दाब कळतो. शाफ्टच्या टॉर्कमध्ये मात्र घर्षण असते, तिथे ते धरलेच पाहिजे.

स्वतः फिरत्या पात्यावर दाब मोजणाऱ्यांसाठी आणखी एक. संदर्भ दाबाची नळी हबपासून सेन्सरपर्यंत गेली असेल, तर नळीतली हवाही पात्याबरोबर फिरते आणि बाहेरच्या टोकाशी तिचा दाब वाढतो. वर घेतलेल्या ८० टक्के त्रिज्येवर ही वाढ सुमारे ५५० पास्कल, आणि तिथला गतिक दाब सुमारे ५८० पास्कल. ही दुरुस्ती राहिली तर जवळजवळ एक पूर्ण गुणांक इतका आलेख सरकतो. फेज सहाच्या प्रसिद्ध आकड्यांत ती केलेली आहे, तिथे पुन्हा करू नका.

प्रश्न : ७ मीटरला सगळे जुळते. १० मीटरला कुठलेही टर्ब्युलन्स मॉडेल लावले तरी ४६.६ टक्के त्रिज्येवर दाब जुळत नाही. २० मीटरला पुन्हा बरे दिसते. असे का?

उत्तर : १० मीटरला हा रोटर स्टॉलच्या उंबरठ्यावर उभा असतो. ४६.६ टक्के त्रिज्येवर अँगल ऑफ अटॅक साधारण १५ ते १७ अंशांच्या पट्ट्यात येतो. एस८०९ मध्ये या पट्ट्याच्या आधीपासून प्रवाह मागच्या कडेकडून सुटत पुढे सरकत असतो, आणि इथे तो पुढच्या कडेपासूनच सुटेल की अर्ध्या कॉर्डपर्यंत टिकेल हे अगदी थोडक्या फरकाने ठरते. ७ मीटरला तो बहुतेक ठिकाणी चिकटलेला असतो. २० मीटरला बहुतेक पात्यावर तो पुढच्या कडेपासून सुटलेला असतो, सक्शन बाजूचा दाब जवळपास सपाट होतो आणि मॉडेलला चुकायला जागाच कमी उरते. मधल्या वाऱ्यावर मात्र प्रत्येक उणीव उघडी पडते. म्हणूनच पडताळणीत १० मीटरचा आलेख सर्वांत मोलाचा आहे आणि तो गाळून टाकणे सर्वांत चूक.

के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल प्रवाह सुटण्याच्या बाबतीत के-एप्सिलॉन या दुसऱ्या टर्ब्युलन्स मॉडेलपेक्षा भरवशाचे आहे, पण इथे त्याच्याही हातून प्रवाह जरुरीपेक्षा जास्त वेळ चिकटून राहताना दिसतो. मग सक्शनचे टोक उंच येते आणि टॉर्क प्रयोगाहून वर जातो. तुमच्या आलेखात हेच दिसते का पाहा. मेश विरळ असेल, विशेषतः पात्याच्या लांबीच्या दिशेने, तर हा दोष वाढतो. बरेच जण टोकापाशी दाटी करतात आणि मधला भाग मोकळा सोडतात. स्टॉलची सीमा मात्र मधेच असते.

मग ट्रान्झिशन, म्हणजे शांत थरांतला (लॅमिनार) प्रवाह टर्ब्युलंट होणे. एस८०९ हा मुद्दाम लॅमिनार प्रवाह टिकवण्यासाठी बनवलेला एअरफॉइल आहे. कमी कोनात जवळजवळ अर्ध्या कॉर्डपर्यंत लॅमिनार राहतो आणि तिथे छोटा बुडबुडा होऊन टर्ब्युलंट होतो. पूर्ण टर्ब्युलंट धरून सोडवला तर कमी कोनात ड्रॅग सुमारे दीडपट येतो. पहिल्या उत्तरातल्या ५० टक्क्यांचा उगम इथेच आहे. गॅमा-री-थीटा हे ट्रान्झिशनचे मॉडेल लावल्यावर हे सुधारते. पण त्याला येणाऱ्या हवेची टर्ब्युलन्स बरोबर मिळाली पाहिजे. इनलेटवर ०.५ टक्के टाकले म्हणजे पात्यापाशी ०.५ टक्के पोहोचले असे नव्हे, वाटेत ती विरत जाते. इनलेट पाच व्यास दूर असेल तर पात्याच्या पुढ्यात किती उरली ते वाचा आणि ती प्रयोगाइतकी येईपर्यंत इनलेटचे आकडे किंवा टर्ब्युलंट श्यानतेचे गुणोत्तर बदला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

अजून एक परिणाम मुळाकडे दिसतो. फिरण्यामुळे सुटलेल्या प्रवाहातली हवा टोकाकडे फेकली जाते आणि कोरिऑलिस बलामुळे तिला मागच्या कडेकडे मदतीचा दाब-उतार मिळतो. त्यामुळे न फिरवता टनेलमध्ये मोजलेल्या त्याच एअरफॉइलपेक्षा मुळाकडची लिफ्ट बरीच जास्त राहते. हिमेलस्कँपने हे १९४५ मध्येच प्रोपेलरवर दाखवले होते. पात्याभोवतीचे पूर्ण त्रिमिती सिम्युलेशन हे स्वतःच पकडते. पण द्विमिती टनेलचे आकडे घालून ब्लेड एलिमेंट पद्धतीने (पात्याचे तुकडे पाडून) हिशेब करत असाल तर दू-सेलिगसारखी फिरण्याच्या परिणामाची दुरुस्ती लावल्याशिवाय १० मीटरच्या पुढे जाऊ नका.

शेवटचा उपाय खर्चिक : डीडीईएस, म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवायचे आणि पृष्ठभागालगत सरासरी प्रवाहाची समीकरणे (आरएएनएस) वापरायची. खोल स्टॉलमध्ये त्याचा उपयोग आहे. उंबरठ्यावर मात्र सीमास्तर अजून आरएएनएसच सोडवत असते, त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहू शकतो. आधी लांबीच्या दिशेचा मेश आणि ट्रान्झिशन यांचा निकाल लावा.

प्रश्न : टनेलच्या भिंती सिम्युलेशनमध्ये घ्याव्यात का?

उत्तर : रोटरने व्यापलेले क्षेत्र भागिले टनेलचे क्षेत्र, एवढे आधी काढा. फेज सहासाठी ७९.५ भागिले ८९३, म्हणजे ८.९ टक्के. एनटीएनयूच्या रोटरसाठी टनेल २.७१ बाय १.८१ मीटर असल्याने १२.८ टक्के. बंद टनेलमध्ये वेकला पसरायला भिंती आड येतात, त्यामुळे रोटरमधून जास्त हवा जाते आणि शक्ती मोकळ्या वाऱ्यापेक्षा वाढते. थ्रस्ट गुणांक जितका मोठा तितका हा परिणाम मोठा. म्हणून एनटीएनयूच्या बाबतीत भिंती घ्याच. फेज सहाचा थ्रस्ट गुणांक कमी असल्याने तिथे एकदा भिंतींसह आणि एकदा शिवाय चालवून फरक नोंदवला की पुरे. भिंतींवर घसरणारी (घर्षण नसलेली) सीमा चालते, त्यांचा सीमास्तर सोडवत बसण्याची गरज नाही.

मेक्सिकोत गुणोत्तर १७ टक्क्यांच्या वर दिसते, पण तिथला झोत उघडा आहे. उघड्या झोतात वेक पसरू शकतो आणि दुरुस्तीची दिशाच उलटते. बंद टनेलचे सूत्र तिथे लावू नका.

प्रश्न : स्थिर सिम्युलेशन पुरते की काळानुसार सोडवावे?

उत्तर : वारा सरळ, टॉवर वगळलेला, प्रवाह चिकटलेला : फिरत्या संदर्भात, एकच पाते आणि १८० अंशांची आवर्ती सीमा घेऊन स्थिर सोडवा. तीन पात्यांना १२० अंश. यॉ (रोटर वाऱ्याला तिरका) असेल, टॉवर असेल किंवा स्टॉल असेल तर स्लायडिंग मेशने, म्हणजे रोटरभोवतीचे जाळे फिरवत, काळानुसार सोडवा. यॉमध्ये आवर्ती सीमा चालतच नाही, सगळी पाती घ्यावी लागतात. ७२ फेऱ्यांना एक फेरा ०.८३ सेकंदाचा, तेव्हा १ अंशाची पायरी २.३ मिलिसेकंद. चिकटलेल्या प्रवाहाला एवढी चालते, स्टॉलला पाव अंशापर्यंत उतरावे लागते. सुरुवातीचे काही फेरे टाकून द्या आणि टॉर्कची फेऱ्यामागची सरासरी हलायची थांबल्यावरच आकडे घ्या. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्थिर सिम्युलेशनमध्ये टॉर्क झुलत राहिला तर तो स्टॉलचा इशारा आहे, अंडर-रिलॅक्सेशन (प्रत्येक पायरीतला बदल आवरणे) वाढवून तो दाबून टाकू नये.

प्रश्न : प्रबंधात ‘चांगला मेळ आहे’ असे लिहिले तर परीक्षक हरकत घेतात. नेमके काय लिहावे?

उत्तर : परीक्षकांची हरकत रास्त आहे. एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या २००९ च्या व्ही-अँड-व्ही २० मानकाची चौकट वापरा. सिम्युलेशन वजा प्रयोग म्हणजे फरक. दुसरीकडे तीन अनिश्चितता : मेशची, इनपुटची आणि प्रयोगाची. तिघींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे. उदाहरणार्थ मेश १ टक्का, इनपुट २ टक्के, प्रयोग ३ टक्के असेल तर एकत्रित ३.७ टक्के. फरक ३ टक्के निघाला तर तो या पट्ट्याच्या आत आहे. याचा अर्थ मॉडेल अचूक आहे असा नाही. या प्रयोगाच्या आधारे मॉडेलमधली चूक याहून बारीक ओळखता येत नाही, एवढाच. फरक १० टक्के निघाला तर मात्र तो मॉडेलच्या माथी मारता येतो. तिन्ही आकडे एकाच विश्वासपातळीचे हवेत. एक ९५ टक्क्यांचा आणि दुसरा एका प्रमाणित विचलनाचा असे मिसळू नका.

इनपुटची अनिश्चितता बहुतेक जण शून्य धरतात. ती काढायला सिम्युलेशन आणखी दोन-तीनदा चालवा : पिच थोडा बदलून, वाऱ्याचा वेग १ टक्का बदलून, घनता बदलून. प्रत्येक वेळी इनपुटच्या एकक बदलामागे टॉर्क किती हलतो ते नोंदवा आणि त्या इनपुटच्या खऱ्या अनिश्चिततेने गुणा.

प्रयोगाच्या आलेखातल्या उभ्या रेघांकडेही नीट पाहा. फेज सहाच्या बहुतेक फेऱ्या ३० सेकंदांच्या, म्हणजे ३६ फेऱ्यांच्या आहेत. प्रसिद्ध आलेखांवरच्या रेघा पुष्कळदा त्या काळातले टॉर्कचे चढउतार दाखवतात, एका प्रमाणित विचलनाइतके. ती मोजणीची अनिश्चितता नव्हे. स्टॉलमध्ये चढउतार मोठे असतात, रेघा लांब होतात आणि कुठलेही सिम्युलेशन त्यांत बसते. सरासरीची तुलना सरासरीशी करा आणि चढउतारांची तुलना काळानुसार सोडवलेल्या तुमच्या चढउतारांशी.

प्रबंधात प्रत्येक वाऱ्यासाठी एक ओळ द्या : छेद, राशी, प्रयोगाचा आकडा, तुमचा आकडा, फरक, एकत्रित अनिश्चितता. ज्या ओळींत फरक पट्ट्याबाहेर आहे त्या तशाच ठेवा आणि कारण कुठवर शोधले ते लिहा.